जंतू सोलापूरचा, वाचणारा कुठला?

आमच्या गल्लीत पाणी येतं त्या दिवशी घरातल्या कुणाला बाहेरगावी जायची सोय नसते. चार दिवसांनी, कधी पाच दिवसांनी नळ सुटतो. मग हौद, पिंप, बादल्या, कळश्या, लग्नात आहेर म्हणून आलेली आणि एरवी माळ्यावर पडून असलेली पातेलीसुद्धा भरून ठेवायची. उजनी धरण जिल्ह्यातच आहे, तरी सोलापूरकराचा संसार साठवणीच्या पाण्यावर चालतो. आणि साठवणीचं स्वच्छ पाणी म्हणजे डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाचं बाळंतघर. महापालिकेची माणसं येतात, पिंपात बॅटरीचा झोत टाकून अळ्या शोधतात, औषध टाकतात, जातात. पावसाळा सरता सरता एकेका घरात ताप यायचा तो येतोच.

मागे शेजारच्या मुलाला डेंग्यू झाला. एनएस१ ही डेंग्यूची रक्तचाचणी पॉझिटिव्ह, प्लेटलेट घसरल्या, चार दिवस सलाइन, मग घरी. त्याच्या थोरल्या बहिणीला दोन वर्षांपूर्वी डेंग्यू होऊन गेला होता. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायचो हे माहीत असल्यामुळे त्यांच्या आईने मला गाठलं. "सर, हिला एकदा होऊन गेलाय. आता हिला भीती नाही ना?" प्रश्न साधा वाटतो, उत्तर अडचणीचं आहे. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार. एक होऊन गेला की त्या प्रकारापुरतं संरक्षण मिळतं. पुढच्या खेपेला दुसऱ्या प्रकाराने गाठलं तर आजार जास्त गंभीर होण्याची शक्यता उलट वाढते. तेव्हा मुलीला कुठला झाला होता आणि आज गल्लीत कुठला फिरतोय, हे कळल्याशिवाय त्या आईला उत्तर देता येत नाही. एनएस१ चाचणी ते सांगत नाही. मी "काळजी घ्या" एवढंच म्हणालो. तीस वर्षं हाच विषय शिकवल्यावर हे दोन शब्द तोंडातून काढताना बरं वाटलं नाही.

डॉक्टर मित्र म्हणतात, प्रकार कळून उपचार थोडाच बदलणार? खाटेवरच्या रुग्णाचा नाही बदलणार, कबूल. पण शहराला ते कळायला हवं. तीन-चार वर्षं एकच प्रकार फिरत असलेल्या गावात अचानक दुसरा शिरला, तर साथ मोठी होऊ शकते आणि गंभीर रुग्ण जास्त येऊ शकतात. सिव्हिल हॉस्पिटलला हे जूनमध्ये कळणं आणि सप्टेंबरमध्ये कॉरिडॉरमध्ये गाद्या टाकताना कळणं यात फरक आहे.

डेंग्यूच्या विषाणूचा जीनोम, म्हणजे त्याची अख्खी जनुकीय संहिता, सुमारे १०,७०० अक्षरांचा. ती अक्षरं उतरवून देणारं यंत्र महाग असतं. ते पुण्यात असू द्या. राष्ट्रीय विषाणू संस्था १९५२ पासून पुण्यात आहे, आपला नमुना तिथे गेला म्हणून आपल्याला कमीपणा येत नाही. पण यंत्रातून निघालेल्या त्या अक्षरांवरून हा जंतू कुठून आला असेल, कुणाकडून कुणाकडे गेला असेल, कुठलं औषध त्याच्यावर चालणार नाही, हे सांगणारा माणूस मात्र सोलापुरात बसलेला हवा, आणि त्याचं पदव्युत्तर शिक्षणही इथल्याच जंतूंवर झालेलं हवं. माझं म्हणणं एवढंच आहे. त्याला फाटे मात्र पुष्कळ आहेत.

अशी जनुकीय अक्षरं संगणकावर वाचायचं शास्त्र म्हणजे बायोइन्फॉर्मेटिक्स. हा शब्द आमच्याकडे गाजला तो या शतकाच्या सुरुवातीला. मानवी जीनोमच्या बातम्या येत होत्या. संगणक शिकला की पोरगं अमेरिकेला जातं आणि जीवशास्त्र शिकलं की शाळेत लागतं, असा तेव्हाचा सरळ हिशोब होता. दोन्ही एकत्र शिकवलं तर पोरगं निदान बंगळुरूपर्यंत तरी जाईल, अशा आशेने गावोगावी अभ्यासक्रम निघाले. मी ज्या महाविद्यालयात होतो तिथेही एक पदविका निघाली. नाव घेत नाही, तेव्हा सगळीकडे तेच चाललं होतं. बारा संगणक, त्यातले सात चालू. नेट इतकं मंद, की एक शोध लावून मुलं चहा पिऊन यायची. शेवटी आम्ही एकदा मिळालेल्या निकालाची प्रिंट काढली आणि तिच्या झेरॉक्स वाटल्या. पुढच्या तीन तुकड्या त्याच झेरॉक्सवर शिकल्या. परीक्षेत प्रश्न यायचा: 'बायोइन्फॉर्मेटिक्सची व्याख्या लिहून कोणतेही पाच उपयोग सांगा.' मुलं सात लिहायची, बिचारी.

एका मुलीने वर्गात विचारलं होतं, "सर, हा सिक्वेन्स आहे कशाचा? म्हणजे, कुणाच्या अंगातून काढलाय?" मी झेरॉक्सवरची वरची ओळ वाचून दाखवली. कुणाच्या अंगातून काढलाय, हे मला माहीत नव्हतं, आणि हे आपल्याला माहीत असायला हवं असंही त्या दिवसापर्यंत वाटलं नव्हतं. ती मुलगी आता बँकेत आहे. तिच्या तुकडीतल्या दोघींनी बी.एड. केलं, एक जण हिंजवडीला मेडिकल कोडिंगमध्ये गेला. पदविका चार-पाच वर्षांत गुपचूप बंद पडली. तिचा दोष नेटला, संगणकाला, पोरांच्या गणिताला देऊन आम्ही मोकळे झालो. खरा दोष त्या मुलीने सांगितला होता. आम्ही अक्षरं शिकवत होतो आणि ती कुणाची हे आम्हालाच ठाऊक नव्हतं.

आणि हे शास्त्र मराठी मुलखाला नवं होतं अशातलाही भाग नाही. पुणे विद्यापीठात बायोइन्फॉर्मेटिक्सचं केंद्र १९८७ साली उभं राहिलं. तिथल्या कोळसकर आणि टोंगावकर यांनी १९९० साली एक पद्धत प्रसिद्ध केली. प्रथिनाच्या लांबलचक साखळीतला कुठला तुकडा शरीराची प्रतिपिंडं ओळखतील, याचा अंदाज ती बांधते. जगभर लशींवर काम करणारे आजही ती वापरतात. आमच्या हाती झेरॉक्स होती तेव्हा पुण्यात हे होऊन पंधरा वर्षं झाली होती. पुण्याहून सोलापूर अडीचशे किलोमीटर. हे शास्त्र कधीचं निघालंय, पण अजून मोडनिंबलाच चहाला थांबलंय असं वाटतं.

पुढे संगणक सुधारले, नेट सुधारलं, अभ्यासक्रमही बदलले. मग वेगळाच आजार जडला, त्याचं नाव डॉकिंग. एखाद्या जंतूचं प्रथिन नेटवरच्या खुल्या संग्रहातून उतरवायचं, एखाद्या झाडपाल्यातलं रसायन त्याच्या खाचेत बसतं का हे संगणकावर पाहायचं आणि 'अमुक वनस्पतीत तमुक रोगावर गुणकारी घटक असण्याची शक्यता' असा प्रबंध सादर करायचा. करोनाच्या पहिल्या वर्षी विषाणूच्या एका विकराच्या रचनेचा ६एलयू७ हा क्रमांक एम.एस्सी.च्या पोरांना स्वतःच्या मोबाइल नंबरासारखा पाठ होता. तुळस, गुळवेल, हळद, लवंग, जे जे स्वयंपाकघरात आणि अंगणात होतं ते सगळं त्या खाचेत बसवून झालं. प्रोग्रॅम कशालाच नाही म्हणत नाही, रसायन किती घट्ट बसलं याचा उणे सात, उणे आठ असा काहीतरी आकडा काढून देतोच. औषधं शोधणारेही डॉकिंग करतात, त्याला माझी हरकत नाही. त्यांच्याकडे पुढची पायरी म्हणून प्रयोगशाळा असते. आमच्याकडे पुढच्या पायरीवर फक्त बाइंडिंगवाला असतो.

आता सोलापूरच्या पूर्व भागात चला. तेलुगू बोलणारी वस्ती, यंत्रमाग, चादरी, टॉवेल, आणि घराघरात विड्या वळणाऱ्या बायका. शहराबाहेर कुंभारीला विडी कामगार महिलांची हजारो घरकुलं उभी आहेत. समजा, कुंभारीतल्या एका बाईला टीबी निघाला, आणि अशोक चौकाजवळच्या एका मागवाल्यालाही. दोघांची सीबीनॅट झाली. ती चाचणी टीबीच्या जंतूच्या एका जनुकातला ८१ अक्षरांचा तुकडा तपासते आणि रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध लागू पडेल की नाही, हे दोनेक तासांत सांगते. मोठी सोय आहे, त्याबद्दल वाद नाही. पण टीबीच्या जंतूचा अख्खा जीनोम सुमारे ४४ लाख अक्षरांचा आहे. ८१ अक्षरांपलीकडे जे आहे त्यात बाकीच्या औषधांचं भवितव्य लिहिलेलं असतं.

शिवाय जंतूचा प्रवासही त्यातच असतो. टीबीचा जंतू फार सावकाश बदलतो, दोन वर्षांत साधारण एखादं अक्षर. म्हणून दोन रुग्णांच्या जंतूंत पाचपेक्षा जास्त अक्षरांचा फरक नसेल तर एकाकडून दुसऱ्याकडे, किंवा तिसऱ्याच कुणाकडून दोघांकडे, अलीकडेच संसर्ग गेला असं समजायला आधार मिळतो. बारापेक्षा जास्त फरक असेल तर तो संशय सोडून द्यायचा. आता धरा, की आपल्या या दोघांत फक्त दोन अक्षरांचा फरक निघाला. पुण्यात बसलेल्या विश्लेषकाच्या तक्त्यात दोघांपुढे 'सोलापूर' एवढंच लिहिलेलं असेल. तो प्रामाणिकपणे लिहील: संबंध संभवतो. इथे वाढलेला विश्लेषक पुढचा प्रश्न विचारेल. त्या बाई वळलेल्या विड्या कुठल्या कारखान्यात जमा करतात? तिथे रांगेत किती वेळ उभं राहावं लागतं? मागवाल्याची बायको त्याच रांगेत असते का? कुंभारीहून येणारी बस अशोक चौकात थांबते, तिला किती गर्दी असते? ४४ लाख अक्षरं वाचता येणारा आणि वेळ पडली तर 'मीरु एक्कड पनि चेस्तारु', तुम्ही कुठे काम करता, असं तेलुगूत विचारता येणारा, असा माणूस मला पाहिजे आहे. परगावच्या विद्यापीठाला तो घडवता येणार नाही असं नाही, पण ते त्याला का घडवेल?

औषधांचंही तसंच. बेडाक्विलिन हे नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या टीबीवरचं आताचं महत्त्वाचं औषध. त्याच्यासह चार औषधांचा सहा महिन्यांचा नवा उपचार आपल्याकडे २०२४ मध्ये मंजूर झाला. पूर्वी दीड-दोन वर्षं गोळ्या खाव्या लागायच्या, त्यापेक्षा हा केवढा दिलासा! पण बेडाक्विलिनला जंतू दाद देईनासा होतो तेव्हा बदल एका ठरावीक जागी होत नाही. आरव्ही ०६७८ नावाच्या जनुकात कुठेही, अनेक तऱ्हांनी होऊ शकतो, आणि त्यातला कुठला बदल खरोखर घातक, कुठला निरुपद्रवी, हे अजून ठरतं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने अशा बदलांची सूची २०२१ मध्ये काढली आणि दोनच वर्षांत, २०२३ मध्ये, तिची नवी आवृत्ती काढावी लागली. जगातल्या टीबी रुग्णांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा भारतात आहे. जिथे एवढे रुग्ण तिथे अशी सूची वाचणारे आणि तिच्यात भर घालणारेही असायला नकोत का? आपण भर घालतो ती रुग्णांची.

वारीचं सांगतो. माउलींची पालखी धर्मपुरीला आमच्या जिल्ह्यात शिरते; मग नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी. तुकोबांची अकलूजकडून येते. लाखो माणसं तीन-चार तालुक्यांतून चालत पंढरपुरात उतरतात. इंग्रजांच्या आरोग्य अहवालांत पंढरपूरची यात्रा आणि कॉलरा ही जोडी वारंवार येते. वारकरी रोग घेऊन येतात आणि घेऊन जातात, हा साहेबाचा निष्कर्ष. त्यात तथ्य किती आणि गर्दीतल्या काळ्या माणसाबद्दलची शिसारी किती, हे आज वेगळं काढता येत नाही, कारण तेव्हाचा जंतू कुणी जपून ठेवला नाही.

आज मात्र ते काढता येतं. हैतीत ऑक्टोबर २०१० मध्ये कॉलरा उसळला. त्याच वर्षी जानेवारीत मोठा भूकंप झाला होता, म्हणून आधी भूकंप, समुद्र, हवामान यांना जबाबदार धरलं गेलं. लोक मात्र नेपाळहून आलेल्या शांतिसैनिकांच्या छावणीकडे बोट दाखवत होते. पुढच्या वर्षी हैतीतल्या आणि नेपाळमधल्या जंतूंचे जीनोम शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तर जवळजवळ एकच. संयुक्त राष्ट्रांना आपला वाटा मान्य करायला २०१६ उजाडावं लागलं, पण करावा लागला. त्या गरीब देशातल्या माणसांची तक्रार खरी ठरली ती अक्षरांमुळे. उद्या आषाढीनंतर पंढरपुरात जुलाबाची साथ आली, तर जंतू दिंडीबरोबर आला की गावच्या नळातच होता, हे असंच तपासता येईल. निकाल गावच्या विरुद्ध गेला तर नगरपालिकेला आवडणार नाही, हे वेगळं सांगायला नको. माझा अंदाज विचाराल तर बऱ्याच वेळा तो गावच्याच विरुद्ध जाईल.

आणि पुण्याचा जंतू पुण्यातच राहतो असं कुठे आहे? जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात जीबीएसची, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते त्या गिलियन-बारे आजाराची, साथ आली. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनाय हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडले. त्या साथीतला पहिला संशयित मृत्यू नोंदला गेला तो सोलापुरात, पुण्याहून इथे आलेल्या रुग्णाचा.

यावर हमखास येणारा आक्षेप: आता सगळं आपोआप होतं. नेक्स्टक्लेडमध्ये फाइल टाका, विषाणूचा वंश मिळतो. टीबी-प्रोफायलरमध्ये टाका, औषधांचा तक्ता मिळतो. त्यात आता एआय आलं. दोन वर्षं शिकायचं काय आहे? या प्रश्नाला २०२१ ने दिलेलं उत्तर मला पुरेसं वाटतं. करोना विषाणूचा सुमारे तीस हजार अक्षरांचा जीनोम वाचताना आधी त्याचे तुकडे वाढवून घेत, म्हणजे प्रत्येक तुकड्याच्या असंख्य प्रती काढत. तुकडा जिथून वाढायला लागतो तिथे चिकटणाऱ्या छोट्या साखळीला प्रायमर म्हणतात. डेल्टाच्या स्पाइक प्रथिनात १४२ व्या जागी बदल होता, आणि त्याच्या जवळच काही अक्षरं गळालेली होती, ती नेमकी एका प्रायमरच्या चिकटायच्या जागची. तुकडा नीट वाढेना. परिणामी असंख्य नमुन्यांत १४२ व्या जागचा तो बदल नाहीच अशी नोंद झाली. जगभरच्या संग्रहांत ती चूक बसली. प्रायमरचा संच बदलल्यावर ती सुधारली. सॉफ्टवेअरने तेव्हा काही तक्रार केली नव्हती. या जागेवर वाचन इतकं विरळ का, असा प्रश्न पडलेल्या माणसांनी ती पकडली. असा प्रश्न पडणं हेच शिक्षण. बाकी संगणकाला द्यायच्या आज्ञा महिन्याभरात येतात.

माणसांच्याच रोगांवर थांबू नये, असंही मला वाटतं, आणि इथे सोलापूरचं नशीब जरा बरं आहे. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर इथल्या कुठल्याही डाळिंबवाल्याला 'तेल्या' म्हणा, तो सुस्कारा टाकेल. फळावर तेलकट डाग, मग तडे, मग बाग उपटायची. हा झँथोमोनास कुळातला जिवाणू. त्यावर बागायतदार वर्षानुवर्षं स्ट्रेप्टोसायक्लिन फवारत आले, म्हणजे स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन. पैकी स्ट्रेप्टोमायसिन हे टीबीवरचं जगातलं पहिलं प्रभावी प्रतिजैविक. या दोघांचा पिकांवरचा वापर थांबवण्याचा मसुदा आदेश केंद्राने २०२१ च्या अखेरीस काढला. इतकी वर्षं फवारलेल्या औषधाने बागेतल्या जिवाणूंत काय बदललं, ते मातीत, पाण्यात, माणसात कुठवर पोचलं, हा प्रश्न डाळिंब केंद्राचा, वैद्यकीय महाविद्यालयाचा आणि विद्यापीठाचा असा तिघांचा आहे. तिघं एकाच शहरात आहेत. एकाच विद्यार्थ्याला सकाळी सांगोल्याच्या बागेतला जिवाणू आणि दुपारी सिव्हिलमधल्या जखमेतला जिवाणू एकाच संगणकावर वाचायला मिळावा, अशा जागा महाराष्ट्रात फार नाहीत. २०२२ मध्ये लम्पीने जनावरांचे बाजार बंद पाडले तेव्हा शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचली गेली. ती लम्पीच्या विषाणूला कितपत जुळते हाही अक्षरांचाच प्रश्न होता.

मग अडचण कसली? नोकरीची. ही खरी अडचण आहे आणि ती टाळून अभ्यासक्रम काढणं म्हणजे माझ्या त्या पदविकेची दुसरी आवृत्ती काढणं. म्हणून दोन गोष्टी आधी ठरल्या पाहिजेत. वर्गात दहाच मुलं, अकरावा नको. विद्यापीठाला साठ जागा भरल्याशिवाय अभ्यासक्रम परवडत नसेल तर त्याने तो काढू नये. दुसरं, पद. साथरोग सर्वेक्षणासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत कक्ष आहेत, त्यांत साथरोगतज्ज्ञ आणि डेटा मॅनेजर अशी पदं आहेत, बरीचशी कंत्राटी. तिथे जीनोम वाचणाऱ्याचं एक पद हवं, आणि कंत्राटी नको. महाराष्ट्रात ३६ जिल्हे. वैद्यकीय महाविद्यालयं, पशुसंवर्धन, कृषी विद्यापीठं हे धरलं तर दरसाल दहा मुलांना सामावून घेणं अवघड नाही. सहाशेंना अशक्य आहे. कुणी म्हणेल, नवी माणसं कशाला, आहेत त्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या डॉक्टरांनाच तीन महिन्यांचं प्रशिक्षण द्या. जरूर द्या. पण दिवसाला शंभर नमुन्यांवर सही करणाऱ्या डॉक्टरने रात्री बसून लिनक्स शिकावं, ही अपेक्षा ज्याने रात्रपाळी केलेली नाही त्याचीच असू शकते.

पैशाचा बाऊ मात्र मला पटत नाही. एका जिवाणूचा जीनोम जुळवायला चांगला लॅपटॉप पुरतो. लागणारी बहुतेक सॉफ्टवेअरं फुकट आणि खुली आहेत, सरावासाठी जगभरचे जीनोम खुल्या संग्रहांत पडलेले आहेत. आपलंही जैविक डेटा केंद्र फरीदाबादला २०२२ मध्ये सुरू झालं. सिक्वेन्सिंगचं, म्हणजे अक्षरं उतरवायचं, यंत्रसुद्धा आता हातात मावतं. २०१५ मध्ये गिनीत इबोलाचे जीनोम वाचायला ते विमानाच्या सामानातून नेलं होतं. आरटी-पीसीआरबद्दल तरी काय म्हणत होतो आपण? २०२० च्या एप्रिलच्या आधी ती चाचणी सोलापुरात रोज होईल असं कुणी म्हटलं असतं तर हसलो असतो. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयात ती झाली, आणि करणारी पोरं इथलीच होती.

शिक्षक कुठून आणायचे? आफ्रिकेतल्या एचथ्रीएबायोनेट या बायोइन्फॉर्मेटिक्सच्या जाळ्याने याचं उत्तर काढलं आहे. २०१६ पासून त्यांनी एक अभ्यासक्रम चालवला. तज्ज्ञांची व्याख्यानं आधी ध्वनिचित्रित केलेली, आणि ती पाहायला अनेक देशांत छोटे वर्ग. प्रत्येक वर्गात स्थानिक साहाय्यक बसलेला, अडलं तर त्याला विचारायचं. त्या खंडातल्याच दक्षिण आफ्रिकेने २४ नोव्हेंबर २०२१ ला ओमिक्रॉनची खबर जगाला दिली. जगाने बक्षीस म्हणून त्यांची विमानं बंद केली, ते सोडा. पुण्यातला जाणकार दर आठवड्याला सोलापूरला येणार नाही. त्याचं व्याख्यान येऊ शकतं, आणि वर्गात बसणारा साहाय्यक आपला असू शकतो. आज्ञा इंग्रजीतच द्याव्या लागतील, त्याला इलाज नाही. पण हा नमुना का फेकून द्यायचा, यावरचा वाद मराठीत, कन्नडमध्ये झाला तर मुलं बोलतील. इंग्रजीत झाला तर माना डोलावतील. मी तीस वर्षं डोलणाऱ्या माना बघितल्या आहेत.

एका गोष्टीची भीती मला आहे. कुणाचा जंतू कुणाकडून आला हे गावातल्याच माणसाला कळू लागलं, तर ते गावात फुटेलही. एप्रिल २०२० मध्ये शहरातला पहिला रुग्ण पाच्छा पेठेत निघाला, तेव्हा पेठेचं नाव घेतलं तरी समोरचा दोन पावलं मागे सरकायचा. कुंभारीच्या बाईचं नाव, तिची रांग, तिची बस हे विश्लेषकाच्या डोक्यात राहिलं पाहिजे, व्हॉट्सअ‍ॅपवर नव्हे. म्हणून गोपनीयतेचा पेपर मी पहिल्या सत्रात ठेवीन, आणि त्यात नापास झालेल्याला पुढे नमुन्याची फाइल उघडू देणार नाही.

शेवटची परीक्षाही मी ठरवून ठेवली आहे, कुणी विचारलेलं नसताना. प्रश्नपत्रिका नाही. एक संगणक, चार तास आणि एक फाइल. फाइलमध्ये टीबीच्या एका नमुन्याची कच्ची अक्षरं. मात्र नमुना निर्भेळ नाही, त्यात दोन वेगवेगळ्या टीबी जंतूंची सरमिसळ आहे. एकावर औषध चालतं, दुसऱ्यावर चालत नाही. जो जंतू जास्त आहे त्याच्यावर चालतं, त्यामुळे सॉफ्टवेअर घाईघाईत 'औषध लागू' असा छान रंगीत रिपोर्ट काढून देऊ शकतं. विद्यार्थ्याने त्यावर सही करायची, की टेबलावरचा फोन उचलून प्रयोगशाळेला कळवायचं की यात काहीतरी घोळ आहे, थुंकीचा नमुना पुन्हा घ्या? फोन उचलला तर पास. पलीकडच्या टेक्निशियनने "आता ती बाई कुठं सापडायची, सर?" असं विचारल्यावर त्याने काय उत्तर दिलं, उरलेले गुण त्याला.